विद्यार्थी कंपनी: नेतृत्व, हिशेब आणि करिअर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका सत्रापुरती छोटी कंपनी काढायची, भागभांडवल गोळा करायचं, एक वस्तू बनवून विकायची, हिशेब मांडायचा आणि सत्र संपताना कंपनी रीतसर बंद करायची. या उपक्रमाला आपल्याकडे साधारणपणे 'विद्यार्थी कंपनी' म्हणतात. शिक्षक, मुख्याध्यापक, पालक आणि मुलं यांच्याकडून वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणातले दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या गावातले दर घालून आकडे पुन्हा मांडा.

हा प्रकार आला कुठून?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड इथे १९१९ मध्ये 'ज्युनिअर अचिव्हमेंट' ही संस्था सुरू झाली. कागद उद्योजक होरेस मोझेस, टेलिफोन उद्योगातले थिओडोर व्हेल आणि सिनेटर विंथ्रॉप मरे क्रेन हे तिचे संस्थापक. मुलांनी शाळा सुटल्यावर एकत्र यायचं, छोटे भाग (शेअर) विकून भांडवल उभारायचं, वस्तू बनवून विकायची आणि शेवटी भागधारकांना हिशेब द्यायचा, ही त्यांची पद्धत पुढे अनेक देशांत गेली. भारतातलं अलीकडचं मोठं उदाहरण दिल्लीचं. तिथल्या सरकारी शाळांत २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' सुरू झाला आणि अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी २००० रुपयांपर्यंत बीजभांडवल देण्यात आलं. ही मुलं गटाने धंदा करत असल्यामुळे दहा जणांच्या गटाकडे एकदम वीस हजारांपर्यंत येत. आपल्याकडे शाळा-कॉलेजं हा उपक्रम स्वतःच्या पातळीवर किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने चालवतात.

किती मुलं घ्यावीत, कोणत्या इयत्तेची?

१५ ते २०. दहापेक्षा कमी मुलं असली की सगळेच सगळं करतात आणि जबाबदारी वाटून देण्याची वेळच येत नाही. पंचवीसच्या वर गेली की सात-आठ जण नुसते उभे राहतात.

इयत्ता नववी किंवा अकरावी. दहावी-बारावीच्या मुलांवर पदाची जबाबदारी टाकू नका, बोर्डाच्या वर्षात पूर्वपरीक्षा आली की ती निघून जातात आणि कंपनी मध्येच बसते. या मुलांना सल्लागार म्हणून महिन्यातून एका बैठकीला बोलवा.

वेळापत्रक कसं आखायचं?

१६ आठवडे, दर आठवड्याला दीड तास एकत्र यायचं, त्यातच बैठक, आणि प्रत्यक्ष कामासाठी आणखी एखादा तास. नववीसाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर विक्री दिवाळीच्या आधी येते. पहिले दोन आठवडे गट आणि पदं. तिसरा-चौथा वस्तू आणि बाजार. पाचव्यात भांडवल, सहाव्यात नमुना, सातव्या-आठव्यात पहिली खेप. नऊ ते बारा विक्री आणि दुसरी खेप. तेरावा आठवडा सत्र परीक्षेसाठी मोकळा ठेवा. चौदाव्यात उरलेला माल काढायचा, पंधराव्यात हिशेब, सोळाव्यात सर्वसाधारण सभा.

अकरावीचं गणित वेगळं आहे. ऑनलाइन प्रवेशफेऱ्या लांबतात, वर्ग भरायला उशीर होतो. अकरावीची कंपनी सप्टेंबरअखेर सुरू करून विक्री संक्रांतीवर धरा. हळदीकुंकवाचं वाण ही एकगठ्ठा मागणी असते. एका घरून पंचवीस-तीस नगांची ऑर्डर येते, आणि अशा वेळी एका मुलीने चार घरी बोलून आणलेलं काम दोन दिवसांच्या स्टॉलइतकं भरतं.

भांडवल किती आणि कुठून आणायचं? हे कायद्यात बसतं का?

पाच हजार रुपये पुरतात. ५० रुपयांचा एक भाग, असे १०० भाग. वीस मुलांनी प्रत्येकी पाच भाग आपल्या घरी, नातेवाइकांत, शेजारी विकायचे. एका व्यक्तीला पाचपेक्षा जास्त देऊ नका. कोणा एका पालकाने सगळे भाग घेतले की सभेत तोच बोलतो आणि मुलं गप्प बसतात. शाळेने पाच हजार एकरकमी दिले तर वेळ वाचतो, पण परक्या माणसासमोर उभं राहून पन्नास रुपये मागण्याचा अनुभव हातचा जातो. तो जाऊ देऊ नये.

कायद्याच्या दृष्टीने ही खरी कंपनी नाही, हे सगळ्यांना आधीच सांगा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्तीला, म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला, करार करता येत नाही. म्हणून हा शाळेचा शैक्षणिक उपक्रम म्हणून नोंदवायचा, शाळा समितीचा ठराव घ्यायचा आणि बाहेरच्या कोणत्याही कागदावर शिक्षकाने किंवा मुख्याध्यापकांनी सही करायची. भागाची पावती द्या आणि तिच्यावर छापा: 'हा शैक्षणिक उपक्रम आहे. नफा झाल्यास वाटला जाईल, तोटा झाल्यास रक्कम कमी मिळेल किंवा मिळणार नाही.' अनोळखी लोकांकडून, समाजमाध्यमांवर आवाहन करून पैसे घेऊ नका.

कोणती वस्तू निवडावी?

पहिल्या वर्षी खाण्याची वस्तू नको. अन्नपदार्थ नियमित बनवून विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि एका मुलाचं पोट बिघडलं तरी उपक्रम कायमचा बंद होतो. दिवाळी म्हटली की मुलं हमखास उटणं किंवा साबण सुचवतात. या वस्तू सौंदर्यप्रसाधनांत मोडतात आणि त्या बनवून विकायला परवाना लागतो, म्हणून त्याही सोडा.

पणत्या रंगवणं, आकाशकंदिलाचे सुटे भाग एका पाकिटात देणं, वह्या, कापडी पिशव्या असे पर्याय चालतात. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे कापडी पिशवी कशाला हवी हे गिऱ्हाइकाला समजावत बसावं लागत नाही. पुढचं उदाहरण पिशवीचंच घेतलं आहे.

वस्तू खपेल का, हे आधी कसं कळणार?

'अशी पिशवी आली तर घ्याल का?' हा प्रश्न मुलं हौसेने विचारतात आणि समोरचा हौसेने 'हो' म्हणतो. त्या उत्तराला किंमत नाही. तीस माणसांना हे विचारा: शेवटची पिशवी कधी घेतली? कितीला? कुठून? आता ती कुठे आहे? बंद फाटला असं दहा जणांनी सांगितलं तर तुमची वस्तू कशी हवी ते कळलं.

त्यानंतर नमुना दाखवून २० रुपये आगाऊ मागा. तिसांपैकी सहा जणांनी आगाऊ दिले तर पुढे जा. एक-दोघांनीच दिले तर माप, रंग किंवा किंमत बदला आणि पुन्हा विचारा. आगाऊ घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यायची आणि वस्तू झाली नाही तर पैसे परत करायचे.

किंमत कशी काढायची? नेमका हिशेब द्या.

१४ बाय १६ इंचाच्या आसपासची पिशवी धरू. मांजरपाट म्हणजे कोरं सुती कापड, त्याचा पन्हा (रुंदी) ३६ इंच. एक मीटर, म्हणजे सुमारे ३९ इंच कापडातून १५ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या निघतात, म्हणजे दोन पिशव्या, आणि उरलेल्या नऊ इंचांत चारही बंद बसतात. मीटरला ७० रुपये धरले तर एका पिशवीला ३५ रुपयांचं कापड. शिलाई १२, स्क्रीन छपाई १०, दोरा आणि लेबल ३. एका पिशवीचा खर्च ६० रुपये.

याशिवाय पिशव्या दहा करा की शंभर करा, काही खर्च ठरलेला: स्टॉलचं भाडं ६००, छपाईची स्क्रीन ४००, पोस्टर आणि रिक्षा ५००. एकूण १५००.

विक्री किंमत ९० ठेवली तर प्रत्येक पिशवीमागे ३० रुपये उरतात. १५०० भागिले ३०, म्हणजे ५० पिशव्या विकेपर्यंत खिशात काही पडत नाही. ही ५० ची संख्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता भांडवलाकडे बघा. पाच हजारांतून ठरलेला खर्च १५०० गेला, उरले ३५००. त्यात ५८ पिशव्या होतात, त्याहून एकही जास्त नाही. मुलांना पहिल्याच खेपेत शंभर करायच्या असतात आणि पैसे कुठून आणायचे याचं उत्तर नसतं. पहिल्या ५८ विकल्या की हातात ५२४० येतात आणि त्यातून दुसरी खेप निघते. धंद्यात पैसा फिरतो म्हणजे काय, हे इथे कळतं. वर्गात शिकवून ते तितकं पोचत नाही.

दोन्ही खेपा मिळून १२० पिशव्या विकल्या असं धरा. १२० गुणिले ३० म्हणजे ३६००, त्यातून १५०० वजा, नफा २१००. शंभर भागांवर वाटला तर ५० रुपयांच्या भागाला ७१ मिळतात. सगळे टाळ्या वाजवतात.

इथेच न थांबता एक पायरी पुढे जा. बैठका सोडून वीस मुलांनी प्रत्येकी १५ तास काम केलं, म्हणजे ३०० तास. २१०० भागिले ३००, तासाला ७ रुपये. मुलांची मजुरी धरली असती तर कंपनी मोठ्या तोट्यात होती. हा आकडा लपवू नका. घरच्या माणसांच्या फुकट श्रमावर चालणारी दुकानं, शेती आणि खानावळी आपल्याभोवती भरपूर आहेत, आणि त्यांचा नफा खरा किती हे विचारायची सवय या एका भागाकारातून लागते.

उत्पादनात काय चुकतं?

कोऱ्या कापडात कांजी असते, तिच्यावर छपाईचा रंग नीट धरत नाही आणि पहिल्या धुण्यात सुटतो. कापड एकदा पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून मग कापा. सुती कापड आटतं, ते आटणंही त्याच वेळी उरकतं.

दुसरी अडचण बंदांची. बंद पिशवीला जोडतो तिथे एकच सरळ टीप मारली की तीच उसवते. जोडाच्या जागी चौकोन शिवून आत फुली मारायची. प्रत्येक खेपेतल्या तीन पिशव्यांत पाच किलो बटाटे भरून दहा मिनिटं खुंटीला टांगा. एक जरी उसवली तर अख्खी खेप तपासायची.

आणि शिंप्याला काम देताना नग, माप, दर आणि तारीख कागदावर लिहून द्या. गणपती-दिवाळीच्या दिवसांत शिंप्यांकडे रांग असते. 'चार दिवसांत देतो' हा तोंडी शब्द आठवड्यावर जातो आणि स्टॉलच्या दिवशी टेबल रिकामं राहतं.

पदं कशी वाटायची?

पाच पदं पुरेशी: मुख्य व्यवस्थापक, उत्पादन, विक्री, हिशेब, मनुष्यबळ. बाकीची मुलं कोणत्या ना कोणत्या विभागात.

हात वर करून मतदान घेऊ नका, त्यात लोकप्रिय मुलगा निवडून येतो. प्रत्येक इच्छुकाने अर्ध्या पानाचा अर्ज लिहायचा: हे पद का हवं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत काय करणार. दोन शिक्षक आणि बाहेरचा एक व्यावसायिक यांनी दहा-दहा मिनिटांची मुलाखत घ्यायची. अनेकांची आयुष्यातली ही पहिली मुलाखत असते. ज्यांची निवड झाली नाही त्यांना कारण समोर बसवून सांगा.

मुलींना 'हिशेब आणि नोंदी' आणि मुलांना 'व्यवस्थापक आणि विक्री' अशी वाटणी आपोआप होते. ती होऊ देऊ नका. आठव्या आठवड्यात सगळी पदं बदला, आधीच्या माणसाने नव्या माणसाला लेखी कार्यभार सोपवायचा: काय झालं, काय बाकी आहे, कोणाकडून किती येणं आहे, कोणाला किती देणं आहे. कार्यभार सोपवता येणं हे कौशल्य मोठ्या कार्यालयांतही दुर्मीळ आहे.

यातून नेतृत्व नेमकं कुठे घडतं?

भाषण करण्यात घडत नाही. ज्या निर्णयाचे परिणाम आपल्याच पैशांवर आणि आपल्याच मित्रांवर होणार आहेत, असा निर्णय घेण्यात घडतं. विद्यार्थी कंपनीत असे चार-पाच प्रसंग ठरलेले येतात आणि चांगला मार्गदर्शक त्यांची वाट बघत असतो.

पहिला प्रसंग मित्राचं काम नाकारण्याचा. उत्पादन प्रमुखाच्या जवळच्या मित्राने छापलेल्या अकरा पिशव्यांवर ठसा तिरका आला. त्या विकायच्या, कमी किमतीत काढायच्या, की बाजूला ठेवायच्या? ६६० रुपयांचा माल आहे. 'चालतंय' म्हणून त्या टेबलावर मांडल्या तर पुढच्या खेपेत वीस तिरक्या येतात, कारण तिरकं चालतं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

दुसरा प्रसंग काम न करणाऱ्या सहकाऱ्याशी बोलण्याचा. 'तू कामच करत नाहीस' असं म्हटलं की भांडण होतं. 'शुक्रवारपर्यंत २० पिशव्यांची घडी घालून द्यायची होती, ८ आल्या. उरलेल्या बारांना काय अडलं?' असं विचारलं की उत्तर मिळतं. कधी उत्तर असतं की घरी आई आजारी आहे, कधी असतं की इस्त्रीच नव्हती. ही वाक्यं मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्या, जोड्या करून सराव द्या. संकोच मोडायला दोन-तीन फेऱ्या लागतात.

तिसरा, हिशेब प्रमुखाने 'नाही' म्हणण्याचा. एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ४० पिशव्यांची ऑर्डर आली, पण भाव ७५ चा मागितला. विक्री प्रमुखाला ऑर्डर हवीच असते. हिशेब प्रमुखाने विचारायला हवं: पन्नासचा टप्पा ओलांडला आहे का? या चाळीस करताना ९० ची गिऱ्हाइकं परत पाठवावी लागतील का? टप्पा ओलांडला असेल आणि हात मोकळे असतील तर ७५ लाही प्रत्येकी १५ रुपये मिळतात, ऑर्डर घ्यावी. अजून तीसच विकल्या असतील तर आधी भाव वाढवून मागा. दोन प्रमुखांचं हे भांडण आवश्यक आहे. ते बैठकीत, आकड्यांवर व्हावं, मधल्या सुट्टीत होऊ नये, एवढं मुख्य व्यवस्थापकाने बघायचं.

चौथा प्रसंग सर्वांत अवघड: भागधारकांना वाईट बातमी देणं. विक्री मंदावली की मुलं आजी-काकांना टाळू लागतात. दहाव्या आठवड्यात एक पानी पत्र सक्तीचं ठेवा, त्यात किती विकलं, किती उरलं, पुढे काय करणार, एवढंच.

बैठक कशी चालवायची?

४५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. विषयपत्रिका आदल्या दिवशी. शेवटी इतिवृत्तात तीनच रकाने: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. पुढची बैठक याच तीन रकान्यांच्या वाचनाने सुरू करायची. 'सगळ्यांनी मिळून पोस्टर करायचं' अशी नोंद आली तर ते पोस्टर होणार नाही असं समजा, कारण तिथे कोणाचंच नाव नाही.

शिक्षक आणि पालकांनी किती हात घालायचा?

हा उपक्रम बिघडतो तो इथेच. एखाद्या आईने रात्री बसून पंधरा पिशव्या शिवून दिल्या, वडिलांनी आपल्या कार्यालयात सगळा माल खपवला, शिक्षकांनी किंमत ठरवून दिली. माल संपतो, फोटो छान येतात, मुलं काहीच शिकत नाहीत.

शिक्षकाचा नियम सोपा ठेवा. सुरक्षितता, कायदा आणि पैशाचा गैरव्यवहार या तीन बाबतींत ताबडतोब थांबवायचं. बाकी सगळीकडे प्रश्न विचारायचा आणि उत्तर चुकीचं वाटलं तरी निर्णय मुलांचा राहू द्यायचा. मुलांनी किंमत ७० ठेवली तर 'ठरलेला खर्च किती पिशव्यांत निघेल?' एवढंच विचारा. उत्तर १५० येईल, आणि बहुतेक वेळा मुलं स्वतःच किंमत बदलतात. नाही बदलली तरी चालेल.

बाहेरचा मार्गदर्शक शक्यतो गावातला दुकानदार, छोटा कारखानदार किंवा हिशेबनीस असावा. महिन्यातून दोनदा एक तास पुरतो. मोठ्या कंपनीतल्या अधिकाऱ्याचं व्याख्यान मुलांना आवडतं, पण उधारी कशी वसूल करायची हे किराणा दुकानदारच सांगू शकतो.

रोख आणि यूपीआय कसं सांभाळायचं?

हिशेब बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण: स्टॉलवर कुणाच्या तरी आईचा क्यूआर कोड लावलेला असतो. त्याच खात्यात दुधाचे, भिशीचे पैसे येतात आणि आठवड्याने कोणाला काही सांगता येत नाही. शाळेच्या खात्याचा कोड वापरा. ते जमत नसेल तर एका शिक्षकाचं दुसरीकडे न वापरलेलं खातं ठेवा.

स्टॉलवर एक जण पैसे घेणारा, दुसरा पावती लिहिणारा, माल देणारा तिसरा. सुट्टे म्हणून सकाळी ३०० रुपये द्या आणि ते वहीत लिहा. संध्याकाळी त्याच जागेवर मेळ घालायचा: सकाळच्या पिशव्या वजा उरलेल्या पिशव्या, गुणिले ९०, हे रोख (सकाळचे ३०० वजा करून) अधिक यूपीआय यांच्या बरोबर आलं पाहिजे. फरक आला तर तो 'फरक' म्हणूनच लिहा. खिशातून भरून मेळ बसवू देऊ नका, ती सवय पुढे महागात पडते.

उधारी नाही. शिक्षकांनाही नाही.

तोटा झाला तर?

होऊ द्या, पण हिशेब नीट मांडा. ५८ पैकी ४० च खपल्या असं समजा. हातात ३६२० रुपये आणि १८ पिशव्या. आता त्या ६० ला काढायच्या की नाही, यावर मुलं अडतात, कारण 'त्यात नफा काही नाही'. पण त्यांच्यावरचा खर्च होऊन गेला आहे, आता मिळेल तो प्रत्येक रुपया भागधारकांचा. ६० ला अठरा गेल्या तर १०८० येतात, एकूण ४७०० होतात आणि ५० च्या भागाला ४७ परत मिळतात. न विकता कपाटात ठेवल्या तर ३६ रुपये २० पैसे. हे दोन आकडे शेजारी लिहिले की चर्चा संपते.

शेवटच्या सभेत काय व्हायला हवं?

जमाखर्च, ताळेबंद, प्रत्येक भागाचा परतावा रोख आणि सही घेऊन. हिशेबाची वही टेबलावर उघडी. भागधारकांना प्रश्न विचारायला वीस मिनिटं, आणि उत्तरं मुलांनीच द्यायची. नफ्याचा काही भाग एखाद्या कामाला द्यायचा असेल तर तो ठराव मतदानाने करा, परस्पर देऊ नका. ते पैसे भागधारकांचे आहेत.

याचा करिअरला खरंच उपयोग होतो का?

प्रमाणपत्राचा फारसा होत नाही, पुराव्याचा होतो. बायोडेटात 'नेतृत्वगुण, संघभावना' असे शब्द प्रत्येकाच्या असतात. त्याऐवजी असं लिहा: 'वीस जणांच्या विद्यार्थी कंपनीत आठ आठवडे हिशेब प्रमुख. ५००० रुपये भांडवल, १२० नगांची विक्री, रोजचा रोकड मेळ, भागधारकांसमोर ताळेबंद सादर.' मुलाखत घेणारा यावर प्रश्न विचारणारच, आणि त्याचं उत्तर तुमच्याशिवाय कोणाकडे नसतं.

पाच कागद जपून ठेवा: पदासाठीचा अर्ज, किमतीचा तक्ता, एका बैठकीचं इतिवृत्त, भागधारकांना पाठवलेलं पत्र, अंतिम ताळेबंद. मुलाखतीसाठी एक न जमलेली गोष्ट तयार ठेवा: काय घडलं, मी काय ठरवलं, आकडा काय बदलला. दीड मिनिटात सांगता आली पाहिजे.

ज्याला धंदा करायचाच नाही त्याने यात का यावं?

बहुतेक मुलं धंदा करणार नाहीत, आणि ते ठीकच आहे. हिशेब विभागातल्या मुलीला सीए किंवा बँकिंगची गोडी लागते, उत्पादनातल्या मुलाला आपण डिप्लोमा करावा असं वाटतं. एखाद्याला कळतं की आपल्याला विक्री अजिबात जमत नाही. सतराव्या वर्षी, ५० रुपयांच्या भागावर हे कळणं स्वस्त आहे.

इंग्रजी येत नाही, गाव लहान आहे. जमेल का?

गिऱ्हाईक ज्या भाषेत घासाघीस करतं त्या भाषेत विक्री करायची. इतिवृत्त, ताळेबंद, पत्र सगळं मराठीत उत्तम होतं. पुढे उपयोग व्हावा म्हणून शेवटी एक पानाचा इंग्रजी गोषवारा करून घ्या. आठवडे बाजार असलेलं गाव तर शहरापेक्षा सोयीचं: गर्दी ठरलेल्या दिवशी येते आणि जागेचं भाडं कमी असतं.

अठरा पूर्ण झाल्यावर खरा धंदा करायचा असेल तर?

आधी प्रशिक्षण. जिल्ह्यातली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँकेमार्फत चालते, तिचे अभ्यासक्रम मोफत असतात आणि राहण्या-जेवणाची सोय असते. छत्रपती संभाजीनगर इथे मुख्यालय असलेलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत वर्ग घेतं. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट ही १९९२ पासून काम करणारी संस्था तरुण उद्योजकाला अनुभवी मार्गदर्शक जोडून देते.

मग भांडवल. राज्य सरकारचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडे जातो, प्रवर्ग आणि ठिकाणानुसार प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे ५ ते १० टक्के. केंद्र सरकारच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. लहान सुरुवातीला मुद्रा कर्ज: 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत, 'किशोर'मध्ये ५ लाखांपर्यंत, तारणाशिवाय. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

प्रकरण अडतं ते बहुधा बँकेत. प्रकल्प अहवाल एजंटाने कुठून तरी उतरवलेला असतो. शाखाधिकारी विचारतात, 'महिन्याला किती नग विकले की हप्ता निघेल?' आणि अर्जदार एजंटाकडे बघतो. ज्याने पन्नास पिशव्यांचा टप्पा स्वतः काढला आहे त्याला हा प्रश्न ओळखीचा असतो. अहवाल स्वतः लिहा, टाइप कोणीही करो.

'युवकांसाठी बिझनेसची संधी' म्हणून कॉलेजबाहेर सेमिनार होतात. ते हेच का?

अनेकदा ते चेन मार्केटिंग असतं. तीन प्रश्न विचारा. आत येण्यासाठी फी किंवा महागडा संच घ्यावा लागतो का? कमाई माल विकून होते की माणसं जोडून? न खपलेला माल परत घेतात का, आणि तसं लिहून देतात का? माणसं जोडण्यावर पैसे मिळत असतील तर तिथून उठा. १९७८ च्या कायद्याने पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजना व प्रवेश शुल्क दोन्ही बंद केलं आहे. मित्राने बोलावलं म्हणून नाही म्हणणं जड जातं, हे त्यांना ठाऊक असतं. आधीच पैसे भरले असतील तर पावत्या आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा, घरी सांगा आणि पोलिसांत किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा.

शाळेला यंदाच सुरू करायचं आहे. आधी काय करावं?

शाळा समितीचा ठराव, पालकांची लेखी संमती, पैसे कोणत्या खात्यात जातील याचा निर्णय आणि एक स्थानिक मार्गदर्शक. एवढं जूनमध्ये झालं की जुलैत मुलांना बोलवा. पहिल्या वर्षी एकच कंपनी काढा. स्पर्धा, बक्षिसं, पाहुणे दुसऱ्या वर्षी. सगळ्या वह्या शाळेत ठेवा, पुढच्या तुकडीला पहिल्या आठवड्यात त्याच वाचायला द्यायच्या आहेत.